स्टेअरिंग हातात थरथरतंय? कंट्रोलर बदलण्याआधी हे तपासा

नांदेडहून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी एक प्रश्न पाठवला आहे. जुन्या हॅचबॅकचा पुढचा अ‍ॅक्सल, भंगार बाजारातून आणलेला इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा कॉलम आणि स्वतः लिहिलेला कंट्रोलर (मोटरने किती जोर द्यायचा ते ठरवणारा प्रोग्राम) असा रिग, म्हणजे चाचणीचा सांगाडा, त्यांनी उभा केला आहे. सिम्युलेशनमध्ये पीआयडी (चूक, चुकीची साठत गेलेली बेरीज आणि चुकीच्या बदलाचा वेग यांवरून जोर ठरवणारा कंट्रोलर) छान चालतो. रिगवर मात्र स्टेअरिंग हलकं करायला गेलं की ते हातात थरथरतं, आणि थरथर घालवायला गेन (हाताच्या जोराच्या किती पट मदत द्यायची तो आकडा) कमी केला की स्टेअरिंग जड होऊन बसतं. मग पीआयडी सोडून फझी घ्यावा, स्लायडिंग मोड घ्यावा की एच-इन्फिनिटी (ही सगळी कंट्रोलची वेगवेगळी तंत्रं), असं त्यांना विचारायचं आहे. जमलं तर पुढे हीच यंत्रणा ट्रॅक्टरला आपोआप सरळ चालवायलाही वापरायची आहे.

मुलांनो, कंट्रोलर तूर्त आहे तसाच राहू द्या. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी स्टेअरिंगच्या कॅलिब्रेशनचं काम बरीच वर्षं करतोय. तुमच्यासारखी तक्रार जवळजवळ प्रत्येक नवी टीम घेऊन येते, आणि बहुतेक वेळा दोष दोनच ठिकाणी सापडतो: असिस्टच्या, म्हणजे मोटरच्या मदतीच्या, आलेखाचा चढ आणि सेन्सरपासून मोटरपर्यंत होणारा उशीर. हे दोन्ही मोजल्याशिवाय कुठलंही मोठं नाव असलेलं तंत्र लावलं तरी थरथर फक्त जागा बदलेल.

आधी गणित करू. तुमच्या कॉलममध्ये टॉर्शन बार, म्हणजे जोर लावला की किंचित पिळणारी सळई, आहे. ड्रायव्हर किती जोर लावतोय ते या बारच्या पिळावरून कळतं. अशा बारचा ताठपणा साधारण २ ते २.५ न्यूटन-मीटर प्रति अंश असतो. २.३ धरा, म्हणजे १३२ न्यूटन-मीटर प्रति रेडियन. मोटरच्या रोटरचं जडत्व अगदी लहान, समजा ०.०००१ किलोग्रॅम-चौरस मीटर. पण मध्ये वर्म गिअर आहे. त्याचं गुणोत्तर २० धरलं तर कॉलमच्या बाजूने ते जडत्व २० च्या वर्गाने, म्हणजे ४०० पटीने वाढून दिसतं: ०.०४. स्टेअरिंगच्या चक्राचं स्वतःचं जडत्वही साधारण तेवढंच असतं. म्हणजे नखाएवढं वाटणारं ते रोटर हाताला आणखी एका आख्ख्या स्टेअरिंगइतकं जड लागतं. हे बहुतेकांच्या मॉडेलमध्ये सुटलेलं असतं.

आता कोणीतरी स्टेअरिंग घट्ट धरलंय असं समजा. मोटरच्या बाजूला टॉर्शन बारची ओढ आहेच, आणि असिस्टमुळे तीच ओढ आणखी काही पटींनी वाढते. स्थानिक गेन (आलेखाचा त्या जागेचा चढ) १५ असेल तर बार १६ पट ताठ असल्यासारखा वागतो. १३२ गुणिले १६, भागिले ०.०४ याचं वर्गमूळ काढा: सुमारे २३० रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ३७ हर्ट्झच्या आसपास. गेन फक्त ३ असता तर हीच वारंवारता १८ हर्ट्झ आली असती. उशीर शून्य असेल तर कागदावर दोन्ही ठिकाणी यंत्रणा स्थिरच राहते. तुमचं सिम्युलेशन छान चालतंय ते याचमुळे.

प्रत्यक्षात सेन्सर वाचायला वेळ लागतो, फिल्टरला लागतो, गणिताला आणि मोटर ड्रायव्हरलाही लागतो. एकूण उशीर फक्त ३ मिलिसेकंद धरला तरी ३७ हर्ट्झवर तो ४० अंशांचा फेज लॅग होतो, म्हणजे मदतीची लहर तेवढी मागे पडते. वेगळ्या शब्दांत, उशिरा पोचलेला असिस्ट डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा रोध) वजा करतो. किती? ढोबळमानाने गेन गुणिले बारचा ताठपणा गुणिले उशीर: १५ × १३२ × ०.००३, म्हणजे ६ न्यूटन-मीटर-सेकंद प्रति रेडियनच्या जवळपास. कॉलमच्या बेअरिंग-गिअरमधलं नैसर्गिक डॅम्पिंग याच्या आसपासही फिरकत नाही. मग थरथर येणारच. टायर जमिनीवर असेल तर त्याचं घर्षण थोडं सावरतं. रिगवर अ‍ॅक्सल स्टँडवर टांगलेला असेल तर तेही नाही.

तुम्ही लिहिलंय की टॉर्क (फिरवण्याचा जोर) दर २ मिलिसेकंदांनी वाचता आणि सिग्नलमधला आवाज (नॉइज) कमी करायला १० वाचनांची सरासरी घेता. या सरासरीतच ९ मिलिसेकंद गेले. गणिताचं एक चक्र, मोटर ड्रायव्हरला कॅनवरून (गाडीतल्या डेटाच्या वायरींवरून) जाणारा संदेश, हे त्यात मिळवलं की उशीर वरच्या उदाहरणाच्या चौपट होतो. अशा यंत्रणेला कुठलाही कंट्रोलर वाचवू शकत नाही. ती सरासरी आजच काढा. टॉर्क १ मिलिसेकंदाला वाचा, फिल्टर लावायचाच तर पहिल्या ऑर्डरचा आणि कट-ऑफ १०० हर्ट्झच्या वर असलेला लावा. सेन्सरच्या सिग्नलमध्ये खरंच आवाज जास्त असेल तर तो वायरिंगमध्ये शोधा. मोटरच्या फेजच्या वायरी आणि सेन्सरची वायर एकाच नळीतून नेली असेल, तर कारण तिथेच आहे.

दुसरी गोष्ट चढाची. असिस्टचा आलेख म्हणजे ड्रायव्हरचा टॉर्क आडव्या अक्षावर आणि मोटरची मदत उभ्या अक्षावर. गाडी उभी असताना ड्रायव्हरने ४ न्यूटन-मीटर लावले आणि मोटरने कॉलमवर २४ दिले, तर सगळे म्हणतात गेन ६. पण सुरुवातीचा १ न्यूटन-मीटर मदत शून्य ठेवलेली असते, पुढे आलेख सावकाश उठतो आणि ३ ते ४ च्या दरम्यान एकदम चढतो. तिथला चढ १५ असू शकतो. स्थिरता बिघडते ती या चढामुळे, सरासरी गेनचा तिथे काही संबंध नाही. म्हणूनच थरथर एका ठरावीक जोरालाच येते आणि जोर वाढवला की गायब होते, कारण पुढे आलेख सपाट झालेला असतो. तुमच्या रिगवर असंच होतंय का ते पाहा. होत असेल तर निदान पक्कं.

उपाय असा. तुम्हाला हवी असलेली मदत हळू हालचालीला, म्हणजे १-२ हर्ट्झपर्यंत, पूर्ण मिळू द्या. त्यापुढे लॅग-लीड फिल्टरने (ठरावीक वारंवारतांना गेन उतरवणारा आणि फेज सावरणारा फिल्टर) गेन तीन-चार पटींनी उतरवा, आणि जिथे फेज कमी पडतो त्या पट्ट्यात लीड द्या, म्हणजे लहर पुढे सरकवा. माणूस पार्किंगमध्ये स्टेअरिंग फिरवतो तेव्हा त्याच्या हाताची मुख्य हालचाल १ हर्ट्झच्या आतबाहेरच असते, त्यामुळे त्याला स्टेअरिंग हलकंच लागतं. थरथरीच्या पट्ट्यात मात्र यंत्रणेला कमी गेन दिसतो. थरथर आणि जडपणा यांतली जी ओढाताण तुम्हाला अटळ वाटतेय, ती इथे सुटते. फिल्टरचे आकडे मात्र एकच ठेवू नका. गाडीचा वेग आणि त्या क्षणाचा चढ यांप्रमाणे ते बदलत न्या. १०० च्या वेगाला चढ दोन-तीनच असतो, तिथे पार्किंगचा जड फिल्टर ठेवला तर स्टेअरिंग सुस्त आणि चिकट लागतं.

आता पीआयडीबद्दल. तुम्ही ड्रायव्हरच्या टॉर्कचं लक्ष्य शून्य ठेवून त्यावर पीआयडी चालवताय. त्यातल्या 'आय'कडे, म्हणजे चूक साठवत जाणाऱ्या इंटिग्रेटरकडे, नीट बघा. ड्रायव्हर वळणात स्टेअरिंग धरून बसला की इंटिग्रेटर साठत जातो आणि हातातला सगळा जोर खाऊन टाकतो. वळणात हाताला काहीच लागत नाही, आणि वळण संपल्यावर साठलेला असिस्ट उतरायला वेळ लागतो. आमच्या चाचणीच्या गाडीवर बीडकडचा एक अनुभवी ड्रायव्हर होता. अशाच एका सेटिंगवर चक्कर मारून तो म्हणाला, "साहेब, स्टेअरिंग लई हलकं झालं, पन गाडी कुठं चाललीय ते हाताला कळंना." एवढं नेमकं निदान मला कुठल्याही अहवालात वाचायला मिळालेलं नाही. चाकांकडून येणारा जोर हाताला कळलाच पाहिजे, कारण पुढच्या चाकांची पकड सुटत चालली आहे हे ड्रायव्हरला सगळ्यात आधी तिथूनच कळतं. टॉर्कवर बंद लूप चालवायचाच असेल तर लक्ष्य शून्य नको. ते रॅकवरचा (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यावरचा) अंदाजित जोर, स्टेअरिंगचा कोन आणि वेग यांच्यावरून काढलेलं असावं. अलीकडच्या अनेक गाड्यांत तसं करतात. पण त्यासाठी रॅकवरच्या जोराचा चांगला ऑब्झर्व्हर (थेट न मोजता हिशेबाने अंदाज काढणारा प्रोग्राम) लागतो, आणि तो जमवण्यात तुमचं उरलेलं सेमिस्टर जाईल.

स्लायडिंग मोडची मी शिफारस करणार नाही. पेपरमध्ये त्याचे आलेख देखणे दिसतात, पण त्याचं चॅटरिंग (आदेशाचं सतत झपाट्याने उलटसुलट होणं) वर्म गिअरच्या फटीतून टकटक आवाज करत बाहेर येतं आणि हात ते लगेच पकडतो. चॅटरिंग घालवायला सीमेची पट्टी रुंद करत गेलात की उरतो तो साधा हाय-गेन कंट्रोलरच. फझीचं म्हणाल तर असिस्टचा आलेख हीच मुळात वेग आणि टॉर्कची तक्त्यातली नियमावली आहे. तिच्यावर आणखी नियम चढवून हाती काही लागत नाही. एच-इन्फिनिटी चांगलं तंत्र आहे, कारण टॉर्शन बारचा ताठपणा, टायरचा भार, उशीर यांतली अनिश्चितता ते उघडपणे हिशेबात धरतं. तरी रोजच्या कामात मी आलेख अधिक लॅग-लीड अधिक वेगानुसार बदलणारे आकडे यालाच पसंती देतो. रस्त्यावर ड्रायव्हरने "जरा अजून घट्ट" म्हटलं की कुठला आकडा हलवायचा हे इथे मला ठाऊक असतं. सहाव्या-आठव्या ऑर्डरच्या कंट्रोलरमध्ये तसा एक आकडा सापडत नाही. तुमच्या अहवालात तुलनेसाठी एच-इन्फिनिटीचं एक प्रकरण जरूर घाला.

मोटरच्या करंट लूपवर (करंट ठरल्याप्रमाणे राखणाऱ्या भागावर) फार वेळ घालवू नका, पण एक गोष्ट बघा. फील्ड ओरिएंटेड कंट्रोल, २० किलोहर्ट्झच्या आसपासचं पीडब्ल्यूएम आणि काहीशे हर्ट्झची बँडविड्थ मिळाली की पुरे. मात्र इन्व्हर्टरच्या डेड-टाइममुळे (दोन स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून ठेवलेल्या क्षणभराच्या विरामामुळे) प्रत्येक इलेक्ट्रिकल फेऱ्यात सहा वेळा टॉर्क लहरतो. चार पोल-जोड्यांची मोटर असेल तर मोटरच्या एका फेऱ्यात २४ लहरी, २० च्या गिअरमुळे स्टेअरिंगच्या एका फेऱ्यात ४८०. स्टेअरिंग सेकंदाला १५ अंश इतकं सावकाश फिरवलं की हे २० हर्ट्झ होतात आणि बोटांना खरखर जाणवते. ही खरखर वेगळी आणि वरची थरथर वेगळी. फिरवण्याचा वेग बदलला की खरखरीची वारंवारता बदलते, थरथरीची बदलत नाही. दोन्हींना एकच समजून आलेख बिघडवत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

स्थिरता जमली की खरं काम सुरू होतं ते हाताला लागणाऱ्या अनुभवाचं, आणि तिथे आपला मुलूख फार चांगली परीक्षा घेतो. गुलमंडीच्या गर्दीत किंवा शहागंजच्या गल्लीत गाडी मागेपुढे करून काढायची तर मदत भरपूर हवी. तिथून निघून समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाला गेलात की तीच मदत धोक्याची ठरते. वेगात हात सुटला आणि स्टेअरिंग मध्यावर येताना पलीकडे गेलं, मग परत अलीकडे आलं, तर गाडी लेनमध्ये डुलू लागते. त्यासाठी मोटरच्या गतीच्या प्रमाणात उलट जोर द्यायचा. हे झालं अ‍ॅक्टिव्ह डॅम्पिंग, वेगाबरोबर वाढत जाणारं. कमी वेगात प्रश्न उलटा असतो: चौकात वळल्यावर कॅस्टरमुळे (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याच्या कलामुळे) स्टेअरिंग आपसूक मध्यावर यायला हवं, पण वर्म गिअरचं घर्षण ते मध्येच धरून ठेवतं. तिथे कोनाच्या सेन्सरवरून परतीचा हलका जोर द्यावा लागतो. ड्रायव्हर स्वतः जोर लावत असेल तेव्हा हा परतीचा जोर मागे सरला पाहिजे, नाहीतर गाडीशी कुस्ती खेळल्यासारखं वाटतं.

चाकांच्या असंतुलनाचाही हिशेब करून ठेवा. टायरचा परीघ १.८५ मीटर धरला तर १०० च्या वेगाला चाक सेकंदाला १५ फेरे घेतं, ६० ला ९. आणि टॉर्शन बारवर मोकळ्या सोडलेल्या स्टेअरिंगची स्वतःची वारंवारता वरच्याच आकड्यांवरून ९ हर्ट्झच्या पुढेच येते. म्हणजे व्हील बॅलन्सिंग बिघडलेल्या गाडीचा कंप नेमका तुमच्या नाजूक पट्ट्यात पडतो. तो थोडा दाबा, पूर्ण मारू नका. बॅलन्सिंग बिघडलंय हे मालकाला कळायला हवं.

सगळ्यात कठीण चाचणी गंगापूर-पैठणकडच्या काळ्या मातीवरच्या अरुंद रस्त्यांची. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती जमीन डांबराला लाटा आणते, डावं-उजवं चाक वेगवेगळ्या उंचीवर येतं आणि स्टेअरिंगला गचके बसतात. त्यात हंगामात समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला की डावं चाक साइडपट्टीवर उतरवावंच लागतं. डांबराच्या कडेला मातीची खोल पायरी पडलेली असते. वर चढताना चाक कडेला अडतं, ड्रायव्हर जोर वाढवतो, चाक एकदम वर येतं आणि गाडी उजवीकडे झेपावते. अशा वेळी तो घाबरून स्टेअरिंग सेकंदाला ४००-५०० अंशांनी उलटं फिरवतो. ५०० अंश म्हणजे मोटरला मिनिटाला जवळपास १,६७० फेरे. तिची बॅक-ईएमएफ (फिरणाऱ्या मोटरमध्ये तयार होणारं उलटं व्होल्टेज) बॅटरीच्या व्होल्टेजजवळ पोचली की करंट जाईना होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी स्टेअरिंग कुणी पकडून धरल्यासारखं जड लागतं. म्हणून वायरिंग जाड घ्या. बॅटरीपासून मोटरपर्यंत २० मिलिओहमचा रोध असेल तर ६० अँपिअरला १.२ व्होल्ट वाटेतच जातात. फील्ड वीकनिंग (चुंबकीय क्षेत्र कमी करून मोटरला जास्त वेग देणं) जमलं तर उत्तमच. रिगवर ही चाचणी हमखास घ्या: व्होल्टेज १०.५ वर आणून स्टेअरिंग झटक्यात उलटसुलट फिरवा.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे पुस्तकातल्यापेक्षा मोठा आहे. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली तुमचा कॉलम असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २५ वरून १०५ अंशांवर गेलेल्या वाइंडिंगचा रोध ३० टक्क्यांहून जास्त वाढलेला असतो. स्टेअरिंग शेवटाला टेकवून धरलं की तो करंट फक्त उष्णता करतो. शेवटाजवळ मदत आधीच उतरवा, आणि तापमानामुळे मदत कमी करायची झाली तर सावकाश, काही सेकंद घेऊन कमी करा. पायरीसारखी एकदम नको.

सुरक्षेवर तुमच्या अहवालात एक परिच्छेद आहे, तो वाढवायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या स्टेअरिंगविषयक नियम क्रमांक ७९ नुसार प्रवासी कारमध्ये यंत्रणा चालू असताना स्टेअरिंगवर लागणारा जोर १५० न्यूटनपेक्षा जास्त नसावा आणि मदत बंद पडली तरी ३०० न्यूटनच्या आत राहावा. म्हणजे मदत जाणं ही त्रासदायक पण सांभाळता येणारी गोष्ट आहे. न मागता मोटरने स्वतःहून स्टेअरिंग फिरवणं ही मात्र सांभाळता न येणारी गोष्ट, आणि गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं मानक असलेल्या आयएसओ २६२६२ च्या भाषेत ती सहसा सर्वांत कडक, ए-सिल डी पातळीला जाते. त्यामुळे मुख्य प्रोग्रामपासून वेगळा असा एक पहारेकरी ठेवा. ड्रायव्हरच्या टॉर्कची दिशा, मोटरचा करंट आणि वेग एवढंच त्याने पाहायचं. ठरलेल्या मर्यादेबाहेर काही दिसलं की काही दहा-वीस मिलिसेकंदांत मोटर बंद करायची. टॉर्क सेन्सरचे दोन चॅनल एकमेकांशी पडताळा. आणि मोटरच्या फेजमध्ये रिले घाला. इन्व्हर्टरचा एखादा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झाला तर सप्लाय बंद करूनही मोटर ब्रेकसारखी अडते, तिला फेजमधूनच सोडवावी लागते. रिगवर काम करताना अंगठा स्टेअरिंगच्या आत अडकवून धरू नका. अचानक फिरलं तर हाड मोडतं.

ट्रॅक्टरचा विचार या टप्प्यावर नको. तिथे बहुतेक ठिकाणी स्टेअरिंग हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारं) असतं, माणसाच्या हाताचा टॉर्क मोजायचा नसतो, आणि लूप असतो चाकाच्या कोनाचा आणि रेषेपासूनच्या अंतराचा. उपग्रहावरून येणारी जागा, ऑर्बिट्रोलमधला (स्टेअरिंगच्या तेलाच्या व्हॉल्व्हमधला) मृतपट्टा, म्हणजे हलवूनही काही न घडणारा भाग, आणि नांगराच्या तासातली माती हे तिथले प्रश्न. मोटर आणि करंट लूप तेवढे पुन्हा वापरता येतील, असिस्टचा आलेख तिथे उपयोगाचा नाही.

पुढचं लिहाल तेव्हा तीन गोष्टी पाठवा. स्टेअरिंग घट्ट बांधून मोटरला १ ते ५० हर्ट्झचा बारीक टॉर्क दिल्यावर सेन्सरवर काय दिसतं त्याची नोंद. टॉर्कचा झटका दिल्यापासून मोटरचा करंट हलेपर्यंतचा वेळ, ऑसिलोस्कोपवर मोजलेला. आणि असिस्टच्या आलेखाबरोबर त्याच्या चढाचाही आलेख. या नोंदी हातात आल्या की लॅग-लीडचे आकडे आपण एका बैठकीत बसवू.